घटसर्प, डिप्थेरिया आणि दप्तर

शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर असते ते दप्तर. मामलेदार कचेरीच्या कपाटात धूळ खात पडलेले असते तेही दप्तर. पुण्यात मोडी कागदांचे असंख्य रुमाल ज्या नावाखाली जपून ठेवले आहेत, ते पेशवे दप्तर, रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला हे अनेकांना माहीत असते. फारसीत तो कोठून आला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कोशकार त्याचा माग काढत पश्चिम आशियातल्या जुन्या भाषांतून मागे जातात आणि बहुतेक जण एका ग्रीक शब्दापाशी येऊन थांबतात. तो शब्द ‘डिफ्थेरा’. अर्थ, कमावलेले कातडे.

याच ग्रीक शब्दावरून एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच डॉक्टराने लहान मुलांच्या एका जीवघेण्या रोगाचे नाव घडवले. तो रोग म्हणजे डिप्थेरिया, आपला घटसर्प. दप्तर आणि डिप्थेरिया हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ ठरतात. दोघांच्याही वाट्याला मराठीत सारखाच संस्कार आला, हेही पाहण्यासारखे आहे. ‘दफ्तर’चे आपण दप्तर केले, तसेच ‘डिफ्थेरिया’चे डिप्थेरिया. ‘फ’च्या पाठोपाठ ‘त’ किंवा ‘थ’ आला की मराठी जीभ ‘फ’ला सरळ ‘प’ करून टाकते.

कातड्यापासून वहीपर्यंतचा रस्ता समजायला सोपा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवले आहे, की आयोनियाचे ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही ‘डिफ्थेराय’ म्हणजे कातडीच म्हणत. कारण पूर्वी पपायरस दुर्मीळ असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. वस्तू बदलली, नाव राहिले. आज नायलॉनच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो ते त्याच न्यायाने. कातड्यापासून रोगापर्यंतचा रस्ता मात्र बराच वाकडातिकडा आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे. या रोगाची नावे जसजशी बदलली, तसतसे त्याच्याकडे पाहणेही बदलत गेले. मुले वाचू लागली त्यात औषधाचा हात मोठा असला, तरी नावाचाही थोडा आहे, असे मला वाटते.

आधी रोग काय करतो ते पाहू; आजच्या तरुण आईबापांनी तो पाहिलेला नसतो, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. सुरुवात साध्या घसादुखीने होते. तापही फार नसतो. एकदोन दिवसांत टॉन्सिलवर पांढुरका, मग करडा पापुद्रा दिसू लागतो. तो पुसून निघत नाही. खरवडून काढू गेले तर खालून रक्त येते. पापुद्रा पसरत मागे टाळूकडे आणि खाली स्वरयंत्राकडे जातो. मान सुजते, आवाज बसतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि शेवटी मूल आईच्या मांडीवर गुदमरते. यातून वाचलेल्या मुलाच्या बाबतीतही धोका टळलेला नसतो. घसा साफ झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाणी पिताना ते नाकातून परत येऊ लागते, कारण टाळू लुळी पडलेली असते. एखादे मूल खेळता खेळता कोसळते, कारण हृदय दगा देते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

घरात असा मृत्यू पाहिलेल्या माणसांनी रोगाला नाव दिले ते गुदमरण्यावरून. स्पेनमध्ये त्याला ‘गारोतीयो’ म्हणत. ‘गारोते’ म्हणजे दोरीत घालून पिळायचा दांडका, आणि त्यावरूनच गळा आवळून देहदंड देण्याच्या यंत्राचेही नाव. गारोतीयो हे त्याचे लाडके, लहान रूप. मुलांचा फास म्हणून नावही छोटे! १६१३ हे साल स्पेनच्या इतिहासात ‘गारोतीयोंचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. लॅटिनमध्ये घशाच्या आजारांना ‘अँजायना’ म्हणत. त्याच्या मुळाशी गळा आवळण्याचाच अर्थ आहे. आज आपण हा शब्द छातीच्या कळेसाठी वापरतो, पण आवळण्याची भावना तीच. ग्रीक वैद्यांचा ‘किनांखे’ हा शब्द तर कुत्र्याच्या गळपट्ट्यावरून आलेला. ज्यूंच्या तालमूदमध्ये ‘अस्कारा’ नावाच्या गुदमरवणाऱ्या मृत्यूचा उल्लेख आहे. माणसाला येणारे ९०३ प्रकारचे मृत्यू तिथे सांगितले आहेत आणि त्यांतला सर्वांत कठीण तो अस्कारा. लहान मुलांवर तो येऊ नये म्हणून काही माणसे बुधवारी उपास करीत असेही तिथे म्हटले आहे. स्कॉटलंडमध्ये कर्कश ओरडण्याच्या आवाजावरून ‘क्रूप’ हा शब्द होता. एडिंबरोच्या फ्रान्सिस होम या डॉक्टराने १७६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहून तो वैद्यकात आणला. आपल्या उत्तरेकडच्या भाषेतला ‘गलघोंटू’ याच रांगेतला आहे.

दुसरी रीत होती रोग शेजाऱ्याच्या नावावर खपवण्याची. कॅपाडोशियाचा वैद्य अरीटिअस घशातल्या अशा व्रणांना ‘इजिप्ती’ आणि ‘सीरियन’ व्रण म्हणतो. १८५५ नंतर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन गावात साथ आली आणि तिथे राहणारे इंग्रज दगावले, तेव्हा इंग्रजांनी त्याला ‘बुलोनची घसादुखी’ म्हटले. आपल्याकडे भावप्रकाशकारांनी सोळाव्या शतकात गरमीच्या रोगाला ‘फिरंग’ म्हटले ते आठवावे. याबाबतीत सगळे जग सारखेच.

आपल्या संस्कृत ग्रंथांत या प्रकारचा रोग ‘रोहिणी’ नावाने येतो. ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वाढणे. घशात उगवून श्वास अडवणारे अंकुर सुश्रुताने वर्णिले आहेत आणि दोषांप्रमाणे रोहिणीचे पाच प्रकार केले आहेत. चरकाने तर अशा रोग्याला तीन रात्रींची मुदत दिली आहे. आजच्या पुस्तकांत रोहिणी म्हणजेच डिप्थेरिया असे बेलाशक छापलेले असते. वर्णन जुळते हे खरे. पण पाच प्रकारांच्या त्या रोहिणीत आजचे दोन-तीन वेगळे रोग सहज बसतील, म्हणून असे समीकरण मांडताना हात थोडा आखडता घ्यावा. एवढे मात्र निश्चित, की गुदमरण्याऐवजी घशात जे दिसते त्यावरून नाव देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे.

गुदमरण्यावरून दिलेल्या नावांची अडचण हीच, की गुदमरवणारे रोग पुष्कळ आहेत. टॉन्सिलमागचा गळू गुदमरवतो, साध्या सर्दीने सुजलेले स्वरयंत्र लहान मुलाला गुदमरवते, लाल पुरळाच्या तापातही घसा सडतो. सगळ्यांना एकच नाव, आणि उलट एकाच रोगाला दोन नावे. अठराव्या शतकातले डॉक्टर घशात पापुद्रा दिसला तर घसा कुजला आहे असे समजून त्याला एक रोग म्हणत, आणि तोच पापुद्रा खाली स्वरयंत्रात उतरून मूल खोकू लागले तर क्रूप म्हणून दुसरा. मे १८०७ मध्ये नेपोलियनचा पुतण्या, हॉलंडच्या राजाचा चार वर्षांचा मुलगा, क्रूपने गेला. नेपोलियनने क्रूपवरच्या उत्तम निबंधाला १२,००० फ्रँकचे बक्षीस लावले. ते जिनिव्हाच्या ज्युरीन आणि ब्रेमेनच्या आल्बर्स यांना विभागून मिळाले. क्रूपचे कोडे काही सुटले नाही.

ते सुटले पॅरिसपासून दूर, तूर या गावी. पिएर ब्रेतोनो हा तिथल्या इस्पितळाचा मुख्य डॉक्टर. १८१८ मध्ये एक पलटण गावात मुक्कामाला आली आणि पाठोपाठ घशाची साथ सुरू झाली. ब्रेतोनोने मेलेल्यांची शवे उघडून पाहिली. एकामागून एक पाहिली. टॉन्सिलवरचा पापुद्रा अखंड सलग खाली स्वरयंत्रात, तिथून श्वासनळीत उतरलेला त्याला दिसला. म्हणजे वरचा रोग आणि खालचा क्रूप हे एकच. पापुद्रा सोडवून त्याखाली पाहिले तर तिथले मांस कुजलेले नव्हते, जागेवर होते. ज्याला दीडदोन हजार वर्षे सडका व्रण म्हटले गेले, तो सडका नव्हताच. वर एक चिवट कातडे बसलेले होते.

म्हणून कातड्याचा शब्द. १८२१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे ब्रेतोनोने आपले निष्कर्ष मांडले आणि १८२६ मध्ये ग्रंथ छापला. त्यात रोगाचे नाव ‘दिफ्तेरीत’. शेवटचा ‘ईत’ हा दाह दाखवणारा प्रत्यय. या नावात गळा नाही, फास नाही, परका देश नाही. डोळ्यांना जे दिसते ते आहे. त्या वेळी फ्रान्समध्ये ब्रूसे या डॉक्टराचा मोठा दबदबा होता आणि सगळे रोग म्हणजे कमीअधिक दाहच असे त्याचे म्हणणे. ब्रेतोनोचे म्हणणे उलटे होते: प्रत्येक रोगाला स्वतःचे बी असते, आंब्याच्या कोयीतून जसा आंबाच उगवतो तसा त्या बीजातून तोच रोग येतो. (आंब्याचे उदाहरण माझे, मुद्दा त्याचा.) जंतू कोणी पाहिले नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. असा स्वतंत्र रोग मानायचा तर त्याला स्वतंत्र नाव हवेच होते.

नाव दिल्यावर ब्रेतोनो स्वस्थ बसला नाही. पापुद्रा श्वास अडवतो, तर पापुद्र्याच्या खाली वाट करून द्यावी असा त्याचा सरळ हिशेब. पहिले प्रयत्न फसले. १८२५ मध्ये एका मित्राची चार वर्षांची मुलगी गुदमरत असताना त्याने तिच्या श्वासनळीला छेद देऊन चांदीची नळी बसवली, आणि मुलगी वाचली.

त्याचा शिष्य आर्मां त्रुसो. गुरूचे सगळे मानले, पण नावाची शेपटी मात्र बदलली: ‘दिफ्तेरीत’चे ‘दिफ्तेरी’ केले. प्रत्यय बदलणे हा वरवर पाहता व्याकरणाचा खेळ वाटेल. त्रुसोला वेगळेच सांगायचे होते. घसा बरा झाल्यावर टाळू लुळी पडते, हृदय बंद पडते. मग हा केवळ घशाचा दाह कसा? सगळ्या शरीराचा हा रोग आहे, घशात त्याची फक्त खूण दिसते. म्हणून दाहाचा प्रत्यय नको. इंग्रजांनी बुलोनच्या साथीनंतर, १८५७ च्या सुमारास, हेच नाव उचलले आणि त्याचे डिप्थेरिया झाले. इंग्रजांबरोबर ते आपल्याकडे आले.

त्रुसो १८६७ मध्ये वारला. शेपटी बदलण्यामागचा त्याचा तर्क किती बरोबर होता हे त्यानंतर वीस वर्षांनी कळले. १८८३ मध्ये क्लेब्सने पापुद्र्यात जंतू पाहिले, १८८४ मध्ये लोफ्लरने ते वेगळे काढून वाढवले. लोफ्लरला एक गोष्ट सतावत होती. जंतू सापडत ते फक्त घशात. हृदयात, मज्जातंतूंत नाहीत. मग तिथे बिघाड कसा होतो? जंतू घशात बसून विष बनवत असावेत आणि तेच शरीरभर जात असावे, असा अंदाज त्याने केला. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रू आणि यरसँ यांनी जंतू गाळून काढलेले नुसते पाणी प्राण्यांना टोचले आणि प्राणी तशाच लक्षणांनी मेले. विष हाती लागले होते.

विष कळले की उतारा शोधता येतो. १८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की हे विष थोडे थोडे पचवलेल्या प्राण्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो. रूने त्यासाठी घोडे वापरले, कारण घोड्याकडून पुष्कळ रक्तजल मिळते. फेब्रुवारी ते जुलै १८९४ या काळात पॅरिसच्या मुलांच्या एका इस्पितळात ४४८ मुलांना हा उतारा दिला. १०९ मुले गेली. शहरातल्या दुसऱ्या इस्पितळात, जिथे उतारा दिला नव्हता, त्याच काळात ५२० पैकी ३१६ मुले गेली. त्या दुसऱ्या इस्पितळाचे नाव त्रुसो इस्पितळ. नाव सुधारणाऱ्या माणसाच्या स्मारकात मुले जुन्याच प्रमाणात मरत होती, हा योग विचित्र खरा. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल बेरिंगला या उताऱ्यासाठीच मिळाले.

आता आपल्या घटसर्पाकडे वळतो. वर सांगितलेल्या सगळ्या नावांत हे निराळे आहे आणि मला सर्वांत भयंकर वाटते. ‘घटसर्प’ हा जोडशब्द रोगाच्या बाहेरही आहे. जुन्या न्यायपद्धतीत ते एका दिव्याचे नाव होते: मडक्यात नाग सोडायचा, त्यात अंगठी किंवा नाणे टाकायचे आणि आरोपीने हात घालून ते काढायचे, नाग डसला नाही तर तो निर्दोष. दक्षिणेतल्या कोरीव लेखांत या घटसर्पाचे उल्लेख येतात. अरुंद तोंडाच्या मडक्यात दडलेला नाग आणि घशात दडलेला मृत्यू, अशी सांगड कोणीही घालील. पण मला वाटते, रोगाच्या नावात मडक्यापेक्षा ‘घाटी’ जवळची आहे. गळ्यावरच्या उंचवट्याला आपण घाटी म्हणतो. आणि ‘सर्प’ म्हणजे केवळ साप नव्हे. ‘सृप्’ म्हणजे सरपटणे. कातडीवर पसरत जाणाऱ्या रोगाला आयुर्वेदात ‘विसर्प’ म्हणतात तो याच धातूवरून. गळ्यात सरपटत जाणारा, असा अर्थ घेतला तर तो पापुद्र्याच्या चालीशी तंतोतंत जुळतो.

सापाचा आणखी एक धागा इथे आपोआप येतो. डिप्थेरियाचा उतारा सिद्ध झाल्यावर पाश्चर संस्थेच्याच काल्मेतने तीच युक्ती नागाच्या विषावर वापरून सर्पदंशावरचे औषध केले. आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तजलापासून सर्पदंशाची जी लस बनत आली, तिचे मूळ घटसर्पाच्या उताऱ्यात आहे.

पण घटसर्प या नावाची एक पंचाईत आहे. खेड्यात हा शब्द उच्चारला तर शेतकऱ्याला मूल आठवत नाही, म्हैस आठवते. गाईम्हशींना, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडी, एक रोग होतो. जोराचा ताप, गळ्याखाली सूज, घशात घरघर, आणि एकदोन दिवसांत जनावर आडवे. त्यालाही घटसर्प म्हणतात. काही ठिकाणी गळसुजी. हिंदीतही हीच गत, गलघोंटू हे नाव मुलाच्या आणि जनावराच्या दोन्ही रोगांना. जंतू पूर्णपणे वेगळे, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, जनावराचा हा रोग मुलाला डिप्थेरिया देत नाही. गुदमरणे तेवढे सारखे. ब्रेतोनोने जो गुंता सोडवला, तो आपल्या भाषेत निम्मा शिल्लक आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर ‘घटसर्पाची लस टोचून घ्या’ असे वाचणाऱ्या आईला, ही सूचना आपल्या लेकराबद्दलही असू शकते, हे कसे कळावे?

आरोग्य खात्याने यातून वाट काढली ती नाव गाळून. १९७८ मध्ये देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला तेव्हा घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस आली. मराठीत ती ‘त्रिगुणी’ झाली. आता पाच रोगांची ‘पेंटा’ आहे. दोन्ही शब्दांत रोगाचे नाव नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात काय टोचले, असे विचारले तर आया ‘पेंटा’ म्हणतात, ‘तापाचे इंजेक्शन’ म्हणतात. रोग विरळ झाला आणि नाव विसरले गेले, यात वाईट काय, असे कोणी म्हणेल. वाईट हे, की बूस्टर चुकवताना मनात कोणतेच चित्र उभे राहत नाही. जगात दरवर्षी या रोगाचे जे रुग्ण नोंदले जातात त्यांत भारताचा वाटा आजही मोठा आहे, आणि रुग्ण आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळेच्या वयाच्या व त्याहून मोठ्या मुलांत जास्त दिसतात, कारण लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर तोवर ओसरलेला असतो.

गारोतीयोचे वर्ष पाहिलेल्या स्पेनमध्ये १९८६ नंतर हा रोग दिसला नव्हता. २०१५ मध्ये कॅटलोनियातल्या ओलोत गावी सहा वर्षांचा एक मुलगा त्याने आजारी पडला. त्याला लस दिलेली नव्हती. घोड्याच्या रक्तजलाचा तो शंभर वर्षांपूर्वीचा उतारा देशात कोठेच शिल्लक नव्हता. शोधाशोध करून तो रशियातून आणावा लागला. मुलगा वाचला नाही.

आपल्याकडे मोठ्या मुलांसाठी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी एक लस असते आणि ती पुष्कळदा शाळेतच टोचली जाते. पूर्वी ती फक्त धनुर्वाताची होती, आता तीत घटसर्पाचा अंश घातला आहे. तिचे नाव ‘टीडी’. इंग्रजीत लिहिताना यातला ‘टी’ मोठ्या लिपीत आणि ‘डी’ लहान लिपीत लिहितात, कारण मोठ्या मुलांना घटसर्पाची मात्रा कमी लागते. वर्गाबाहेर रांग लागते, मुले दप्तर बाकावर ठेवून बाही वर करतात. ‘दिफ्तेरी’ या नावाचे आता त्या छोट्या ‘डी’एवढेच उरले आहे.